एक्स्प्लेनर : सोमनाथ सरकारी पैशातून का बांधले नाही?

अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराची देखभाल केंद्राचे पुरातत्त्व खाते करते. मग सोमनाथ सरकारी खर्चातून का उभे राहिले नाही? उत्तर काकासाहेब गाडगीळांच्या आयुष्यात सापडते.

नरहर विष्णु गाडगीळ (१८९६-१९६६) पुण्यातले काँग्रेस नेते. पर्वतीचे मंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी १९२९ मध्ये झालेल्या सत्याग्रहात ते होते. हे विसरले, तर पुढचे गाडगीळ अर्धेच कळतात. स्वातंत्र्यानंतर ते नेहरूंचे बांधकाममंत्री झाले. आजच्या उल्हासनगरच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित वसण्याचा तो काळ. नोव्हेंबर १९४७ मध्ये ते सरदार पटेलांसोबत सोमनाथला गेले. भग्न मंदिर पाहून जीर्णोद्धाराची कल्पना त्यांनी मांडली आणि पटेलांनी तशी घोषणा केली. आधी खर्च सरकारच करणार होते. पण पैसा लोकवर्गणीतून यावा, असे गांधीजींनी सुचवले. पटेलांनी ते मानले, ट्रस्ट झाला, गाडगीळ विश्वस्त झाले.

पुढे राज्यघटनेच्या कलम २७ ने ठराविक धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्तीच बंद केली. जुने स्मारक जपणे वेगळे, नवे मंदिर बांधणे वेगळे. वाद तरीही झालाच. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद सोमनाथच्या प्राणप्रतिष्ठेला गेले, ते नेहरूंना पटले नव्हते. गाडगीळ तेव्हा नेहरूंच्याच मंत्रिमंडळात होते.