सायलेन्सर विकून रेस जिंकणारा माणूस: कार्लो अबार्थची गोष्ट आणि माझ्या गाडीचा धडा

मागच्या दिवाळीत मी बाबांच्या जुन्या हॅचबॅकला आफ्टरमार्केट सायलेन्सर बसवायला निघालो होतो. गॅरेजवाल्या दादाने गाडी खालून बघितली आणि सोपा उपाय सांगितला: कॅटकॉन कापून टाकायचा, सरळ पाइप वेल्ड करायचा, आवाज पण येईल आणि पॉवर पण वाढेल. पैसे बाजूला काढून ठेवले होते. फक्त पॉवर खरंच वाढते का, एवढं एकदा बघून घ्यावं म्हणून रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि शोधता शोधता कार्लो अबार्थपाशी पोहोचलो. आफ्टरमार्केट एक्झॉस्ट हा धंदा मोठा करणाऱ्यांमध्ये त्याचं नाव फार वरचं आहे. त्याची गोष्ट वाचून माझा प्लॅनच बदलला. कसा, ते सांगतो.

व्हिएन्नाचा कार्ल, इटलीचा कार्लो

अबार्थचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 रोजी व्हिएन्नात झाला. मूळ नाव कार्ल. रास वृश्चिक, म्हणूनच पुढे त्याच्या कंपनीच्या लोगोवर विंचू आला. तरुणपणी तो मोटरसायकलच्या रेस करायचा. एका अपघातानंतर तो साइडकारकडे वळला आणि स्वतःच साइडकार डिझाइन करू लागला. 1934 मध्ये तर त्याने आपल्या साइडकारवरून व्हिएन्ना आणि ओस्टेंडच्या दरम्यान चक्क ओरिएंट एक्सप्रेस रेल्वेशी शर्यत लावली आणि जिंकली. अंतर सुमारे 1300 किलोमीटर, आणि रस्ते त्या काळातले!

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात त्याचा पुन्हा मोठा अपघात झाला आणि त्याचं रेसिंग करिअर तिथेच थांबलं. युद्धाची वर्षं त्याने तिथेच काढली. नंतर तो इटलीत आला, कार्लो झाला आणि चिसितालिया नावाच्या रेसिंग कार बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. ग्रां प्री कारचा खर्च डोईजड झाला आणि 1949 पर्यंत ती कंपनीही बुडाली.

म्हणजे बघा, वयाची चाळिशी उलटलेली, अंगावर अपघातांच्या खुणा, नोकरी गेलेली. हातात काय, तर चिसितालियाच्या काही गाड्या आणि सुटे भाग. त्यातूनच 31 मार्च 1949 रोजी बोलोन्यात अबार्थ अँड कंपनी सुरू झाली. थोड्याच काळात तिने आपला मुक्काम फियाटच्या गावी, तुरिनला हलवला.

इथे आपल्या ओळखीची एक गोष्ट. 10 एप्रिल 1950 रोजी इटलीचा महान ड्रायव्हर ताझिओ नुव्होलारी आयुष्यातली शेवटची रेस अबार्थच्या गाडीतून धावला आणि आपल्या गटात पहिला आला. त्या गाडीचं इंजिन फियाट 1100 वरून बनवलेलं होतं. पुढे मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून धावलेली पद्मिनी याच फियाट 1100 च्या घराण्यातली!

रेसचा खर्च कोण भागवणार? सायलेन्सर!

रेसिंग म्हणजे पैशाचा खड्डा. तो भरायला अबार्थने ॲक्सेसरीज विकायला घेतल्या आणि त्यात सगळ्यात जास्त चालला सायलेन्सर. युद्धानंतरच्या इटलीत स्पोर्ट्स कार घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण स्वतःच्या छोट्या फियाटला अबार्थचा पाइप लावणं जमण्यासारखं होतं. इटालियन भाषेत सायलेन्सरला मार्मित्ता म्हणतात, म्हणजे चक्क पातेलं. अबार्थचं हे काळं पातेलं आणि त्याची चकचकीत क्रोमची टोकं तरुणांमध्ये प्रचंड हिट झाली.

आता त्यामागचं तंत्र समजून घेऊया. कंपनीच्या साध्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात. इंजिनातून धडधडत येणारा गरम वायू या कप्प्यांतून वळसे घेत जातो, ध्वनीलहरी एकमेकींवर आपटून विरतात आणि आवाज कमी होतो. पण वळसे आले की अडथळाही आला. यावर उपाय म्हणजे आरपार जाणारी, भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचं वेष्टन. वायू सरळ जातो आणि आवाजाचा काही भाग वेष्टन शोषून घेतं. अडथळा कमी, आवाज भारदस्त.

मग पाइप जितका जाड तितकं चांगलं? नाही. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला गाडी आळसावते. आपण सिटीत तर तिथेच जास्त चालवतो! म्हणूनच प्रत्येक मॉडेलचा पाइप वेगळा लागतो. अबार्थनेही वेगवेगळ्या मॉडेलसाठी वेगवेगळे सायलेन्सर काढले.

एकट्या पाइपने काहीच होत नाही

माझे डोळे उघडले ते इथे. 1957 ची फियाट 500 फक्त 479 सीसीची आणि 13 हॉर्सपॉवरची होती. 1963 मध्ये अबार्थने तिच्या पुढच्या आवृत्तीवरून 595 काढली: 27 हॉर्सपॉवर, वेग ताशी 120 किलोमीटर. हे एकट्या सायलेन्सरने झालं का? अजिबात नाही. इंजिनची क्षमता वाढवली, कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर बदलला आणि या सगळ्याला साजेसा एक्झॉस्ट लावला. अबार्थ हे भाग किट म्हणूनही विकायचा, लाकडी पेटीत भरून. पेटीतला प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून असायचा.

आणि तो नुसता दावा करून थांबायचा नाही. फेब्रुवारी 1958 मध्ये त्याची फियाट 500 मोंझाच्या ट्रॅकवर सलग सात दिवस, सात रात्री धावली. एकूण 18,186 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 108 किलोमीटर. 1965 मध्ये वयाच्या 56 व्या वर्षी त्याने सफरचंदं खाऊन 30 किलो वजन घटवलं, कारण रेकॉर्डच्या गाडीत त्याला मावायचं होतं. मावला, आणि स्वतः चालवून कंपनीच्या नावावर शंभरावा रेकॉर्ड लावला!

मग मी काय केलं?

अबार्थच्या त्या गाड्यांना कॅटकॉन आणि ऑक्सिजन सेन्सर नव्हते. आपल्या गाड्यांना आहेत, आणि सगळा खेळ तिथे बदलतो. कॅटकॉन कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू कमी घातक बनवतो. तो कापला की ते विष थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात. सेन्सरचं गणित बिघडून चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, तो वेगळाच.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. आवाज किंवा प्रदूषणाचे नियम मोडले तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

माझ्या गाडीचा मागचा सायलेन्सर तसाही गंजला होता, बदलणं भागच होतं. म्हणून कॅटकॉनला हात न लावता फक्त तो बदलला, मूळ मापाचा आणि मूळ आवाजाच्या मर्यादेतला. तुम्हाला बदलायचा असेल तर एवढं बघा:

- माप: पाइपचा व्यास आणि हँगरच्या जागा तुमच्याच मॉडेलच्या हव्यात. कापून-जोडून बसवलेला पाइप नंतर खडखडतो.
- धातू: 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील गंजाला चांगलं टिकतं. त्याला साधारणपणे चुंबक चिकटत नाही, 409 ला चिकटतं. खिशात छोटं चुंबक ठेवा.
- गॅस्केट: जुनं परत वापरू नका. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो, इंजिन जास्त पेट्रोल ओततं आणि मायलेज घसरतं.
- फिटिंग: इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी लिफ्टवर किंवा स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आधी सगळे बोल्ट सैल लावा, पाइप सरळ करा, कुठे घासत नाही ना ते बघा आणि मग आवळा. दोन-चार दिवस चालवून पुन्हा एकदा आवळा.

पॉवर वाढली का? नाही. अबार्थची गोष्ट वाचल्यावर ती अपेक्षाही उरली नव्हती. खडखड मात्र गेली, आणि बाबा खुश आहेत.

1971 मध्ये अबार्थने आपली कंपनी फियाटला विकली. 24 ऑक्टोबर 1979 रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तो व्हिएन्नातच वारला. त्याचा विंचू मात्र फिरत फिरत आपल्याकडेही आला: 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून 145 हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो बाहेर पडली. कधी सेकंड हँड बाजारात दिसली तर आधी बॉनेट उघडून बघा. तिचा जोर तिथे आहे, टर्बो इंजिनात. मागच्या पाइपमधून येतो तो फक्त त्याचा आवाज.