साहाय्य मागण्याचे धैर्य

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्वत्ता, संघर्ष आणि स्वाभिमान यांचे आपण सदैव अभिमानाने स्मरण करतो. मात्र कार्यासाठी योग्य व्यक्तीकडे निःसंकोचपणे साहाय्य मागण्याचा त्यांचा गुण क्वचितच सांगितला जातो.

केळुसकर गुरुजींच्या मध्यस्थीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि तरुण भीमरावांचे महाविद्यालयीन शिक्षण पार पडले. १९१३ साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अध्ययन अपुरे राहिले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. तीही पुरेना, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

बॅरिस्टर होऊन परतल्यावरही हा गुण लोपला नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद नामांकित कायदेपंडित सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. बाबासाहेबांनी व्यवस्थापक मंडळाची धुरा वाहिली. समाजाचे कार्य पुढे जावे, यापुढे पदाचा मान त्यांना गौण वाटला.

या गुणाची खरी कसोटी संविधाननिर्मितीच्या काळात लागली. मसुदा समितीत सात सदस्य होते. परंतु मृत्यू, राजीनामा, आजारपण व अन्य व्याप यांमुळे बहुतेक भार अध्यक्षांवरच आला. त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावलेली होती. तरीही त्यांनी सर्व काही एकट्याने करण्याचा हट्ट धरला नाही. सर बी. एन. राव यांच्या प्राथमिक मसुद्याचा आधार घेतला, एस. एन. मुखर्जी यांच्या लेखनकौशल्यावर विश्वास टाकला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी या दोघांसह कर्मचारीवर्गाचेही ऋण जाहीरपणे मान्य केले. त्यामुळे त्यांचे श्रेय अणुमात्रही उणावले नाही.

त्यांनी घेतलेले साहाय्य ज्ञानाच्या रूपाने समाजाला शतपटीने परत मिळाले. आज आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी अधिकारपदांवर आहेत. अडचण लपविल्याने पदाची प्रतिष्ठा वाढत नाही, उलट काम मात्र अडते. सहकाऱ्याला वेळीच हाक देणे आणि त्याचे श्रेय त्याला देणे, हेही बाबासाहेबांना खरे अभिवादन होय.