शॅम्पेनला नितळ करणाऱ्या मादाम क्लिको

शॅम्पेनच्या नितळ चषकात तळापासून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. हे नितळपण मात्र मुळातले नाही. त्याचे बरेचसे श्रेय फ्रान्समधील एका तरुण विधवेच्या जिद्दीला जाते.

बार्ब-निकोल पाँसारदँ यांचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी रॅंस शहरात एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. १७९८ मध्ये फ्रान्स्वा क्लिको यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे फिलिप क्लिको यांची १७७२ पासून मद्याची पेढी होती. १८०५ मध्ये फ्रान्स्वा यांचे निधन झाले, तेव्हा बार्ब-निकोल यांचे वय अवघे २७ होते आणि पदरी लहान मुलगी होती. तत्कालीन फ्रेंच कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीविना व्यापार करता येत नसे. विधवेला मात्र ती मुभा होती. सासऱ्यांचे मन वळवून त्यांनी व्यवसायाची धुरा खांद्यावर घेतली. सुरुवातीची भागीदारी संपल्यावर १८१० पासून पेढी त्यांच्या नावाने चालू लागली.

नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी बाजारपेठा बंद झाल्या आणि माल तळघरात पडून राहिला. १८१४ मध्ये त्यांनी सर्वस्व पणाला लावले. रशियातील आयातबंदी उठण्याची वाट न पाहता प्रतिनिधी लुई बोन यांच्यासोबत दहा हजारांहून अधिक बाटल्या जहाजाने रवाना केल्या. माल जप्त झाला असता, तर पेढी बुडाली असती. तो सुखरूप पोहोचला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या आधी रशियन ग्राहकांच्या हाती पडला.

मागणी वाढली, पण अडचण होती ती गाळाची. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यातून बुडबुडे निर्माण होतात, पण मृत यीस्टचा गाळही उरतो. १८१६ च्या सुमारास मादाम क्लिको यांनी छिद्रे पाडलेल्या मेजावर बाटल्या तिरप्या ठेवून त्या रोज थोड्या थोड्या फिरवण्याची पद्धत रूढ केली. गाळ बुचापाशी जमा होई आणि बूच काढताच आतील दाबाने बाहेर पडे. पेयाचा फारसा अपव्यय न होता ते नितळ होऊ लागले. पुढे हीच पद्धत इतर पेढ्यांनीही स्वीकारली.

या परिश्रमांचे चीज करायचे, तर शॅम्पेन बर्फासारखी गार करू नये, सुवास दबतो. आठ ते दहा अंश सेल्सियस तापमान पुरेसे. पेला वर किंचित निमुळता असावा, म्हणजे गंध टिकतो. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी. मोठा आवाज करून बूच उडवण्यात फेस आणि पेय दोन्ही वाया जातात.

मादाम क्लिको यांचे २९ जुलै १८६६ रोजी बूरसो येथे निधन झाले. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रातील एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या जुन्या बाटल्या सापडल्या; त्यांत त्यांच्या पेढीच्याही होत्या. पेढीच्या नावातील ‘व्हव’ या शब्दाचा अर्थ विधवा. ज्या शब्दाने समाज स्त्रीला मागे सारत असे, तोच त्यांच्या बाटलीवर प्रतिष्ठेची खूण ठरला.