वतनावर पाणी सोडणारे कारीचे देशमुख : कान्होजी नाईक जेधे

भोर : रायरेश्वराच्या पायथ्याला कारी नावाचं गाव आहे. भोरहून आंबवड्याच्या रस्त्याने गेलं की डोंगर जवळ येत जातात आणि कारी लागतं. गावात जेध्यांचा वाडा आहे. शिवचरित्र वाचणाऱ्याला कान्होजी जेधे हे नाव नवीन नाही. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी त्यांनी वतनावर पाणी सोडलं, एवढं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण वतन म्हणजे नक्की काय होतं, आणि ते सोडणं म्हणजे घरातलं काय काय सोडणं, हे समजायचं तर आधी त्या काळचं खोरं डोळ्यासमोर आणावं लागतं.

साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा हा मुलूख आजच्यापेक्षा फार वेगळा होता. भाटघर नव्हतं, पानशेत-वरसगाव नव्हतं. डोंगराला दाट रान, मधून ओढे, आणि नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या काठाने लहान लहान गावं. खाली खाचरात भात, वर उतारावर नाचणी आणि वरई. राब भाजायचा, रोप टाकायचं, पाऊस लागला की चिखल करून लावणी. पाऊस धो धो पडायचा, पण दिवाळीनंतर पाणी पळून जायचं. भात सरला की शिमग्यापासून पुढच्या सुगीपर्यंत नाचणीच्या भाकरीवर दिवस. मीठ कोकणातून यायचं, तेही बैलाच्या पाठीवर, घाटवाटा चढून. रानात वाघ, लांडगा, रानडुक्कर. दादोजी कोंडदेवांच्या काळात लांडगे मारणाऱ्याला बक्षीस देत होते, यावरून जनावरांचा उपद्रव किती असेल ते कळतं.

गावाचा कारभार पाटील बघायचा, लिहिण्याचं काम कुलकर्णी करायचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार असे बलुतेदार वर्षभर कामं करायचे आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचे. पैशाचा व्यवहार थोडाच, सगळं धान्यावर. अशा कित्येक गावांचं मिळून एक खोरं, आणि खोऱ्याचा वतनदार म्हणजे देशमुख. आताच्या भोर तालुक्यात रोहिडखोरं आणि हिरडस मावळ, वेल्ह्याकडे गुंजण मावळ, कानदखोरं आणि पलीकडे मोसेखोरं. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रोळीचे खोपडे असे दोन देशमुख होते. हिरडस मावळ बांदलांकडे, गुंजण मावळ शिळीमकरांकडे, मोसेखोरं पासलकरांकडे.

देशमुखाचं काम सोपं नव्हतं. पडीक जमीन लागवडीला आणायची, पळून गेलेली रयत कौल देऊन परत बसवायची, सरकारचा वसूल गोळा करून ठाण्याला भरायचा, गावागावांचे तंटे गोतसभेत बसून मिटवायचे आणि बोलावणं आलं की माणसं घेऊन लढाईला जायचं. त्याच्या बदल्यात वसुलात हक्क, इनाम जमीन, सणावाराला मान. हे सगळं बापाकडून लेकाकडे चालत यायचं. म्हणूनच वतनावरून भावाभावात, घराण्या-घराण्यांत वैर व्हायचं. आज बांधावरून आणि सातबाऱ्यावरून जी भांडणं होतात, ती तेव्हा तलवारीने व्हायची.

कान्होजींचं आयुष्यच अशा भांडणातून सुरू झालं. जेधे घराण्याच्या हकिकतीत असं सांगतात की, वडील नाईकजी यांना वतनाच्या लोभाने त्यांच्याच भावांनी मारलं. कान्होजी तेव्हा अगदी तान्हे. बाळही वाचणार नाही हे ओळखून दाईने आणि देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने त्याला लपवून घाट-डोंगर ओलांडत मोसेखोऱ्यात नेलं. तिथे बाजी पासलकरांनी त्याला आसरा दिला, वाढवलं, हत्यार चालवायला शिकवलं. पुढे आपली मुलगी सावित्री त्याला दिली आणि त्याचं वतन परत मिळवायला पाठीशी उभे राहिले. रोहिडखोऱ्याचा हा देशमुख असा मोसेखोऱ्याच्या घरात मोठा झाला. आज मोसे नदीवर वरसगावचं धरण आहे आणि त्या जलाशयाला बाजी पासलकरांचंच नाव दिलेलं आहे.

वतन मिळालं तरी स्वस्थता नव्हती. मुलूख कधी निजामशाहीचा, कधी आदिलशाहीचा. वर राज्य बदललं की खाली ठाणेदार बदलायचा, वसुलाचा तगादा मात्र तोच. त्यातच १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, दख्खनमधली गावंच्या गावं ओस पडली. अशा काळात देशमुखाला कुणाची तरी चाकरी धरावीच लागे. कान्होजी आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाकडे होते. १६३६ मध्ये माहुलीच्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत आले, तेव्हा कान्होजी शहाजीराजांच्या पदरी गेले आणि त्यांच्याबरोबर कर्नाटकात राहिले.

शहाजीराजांवर संकट आलं तेव्हा कान्होजी बाजूला झाले नाहीत. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली. कान्होजी आणि दादाजी कृष्ण लोहकरे हेही कैदेत पडले. इकडे मावळात त्याच सुमारास फत्तेखान शिवाजीराजांवर चालून आला होता. पुरंदरच्या त्या लढाईत कान्होजींचे पुत्र बाजी यांनी पराक्रम केला आणि त्यांना सर्जेराव हा किताब मिळाला. त्याच धामधुमीत बाजी पासलकर सासवडजवळ कामी आले. बाप कैदेत, मुलगा रणात आणि ज्यांनी लहानाचं मोठं केलं ते सासरे गेलेले, अशी तेव्हा जेध्यांच्या घराची अवस्था होती.

१६४९ मध्ये सुटका झाली. शहाजीराजांनी कान्होजींना मावळात परत पाठवलं आणि शिवाजीराजांच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं. कान्होजींचं वतन मावळात, मावळात शिवाजीराजांचा जम बसतोय, आणि दोघांचाही मालक म्हणवणारा आदिलशहा विजापुरात. ही ओढाताण पुढे कधीतरी तुटणार हे शहाजीराजांनाही दिसत असणार. कान्होजींनी शपथ घेतली आणि ते कारीला आले. तेव्हा ते काही तरुण गडी नव्हते. मुलं हाताशी आलेली, घर भरलेलं, खोऱ्यात शब्दाला वजन. मावळातले बाकीचे देशमुख त्यांच्याकडे बघून पाऊल टाकायचे. शिवाजीराजांना कान्होजींचा मोठा उपयोग झाला तो इथे. एक घर आलं की त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची चार घरं यायची.

मग आलं १६५९ साल. अफजलखान विजापुराहून निघाला. आदिलशहाने मावळच्या देशमुखांना फर्मानं काढली. १६ जून १६५९ चं असं एक फर्मान कान्होजींच्या नावाने आलं. खानाला जाऊन मिळालात तर बक्षीस आणि बढती, नाही मिळालात तर शिक्षा, असा त्याचा रोख. ही धमकी पोकळ नव्हती. खान वाई परगण्याचा सुभेदार राहिलेला, मुलूख त्याच्या ओळखीचा. वाई ते कारी, मध्ये एक डोंगररांग. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. एकाच खोऱ्याचे दोन देशमुख, एक तिकडे गेला. खान जिंकला असता तर जेध्यांचा वाटाही खोपड्यांच्या पदरात पडला असता, हे न कळण्याइतके कान्होजी भोळे नव्हते.

ते फर्मान लपवता आलं असतं. दोन्हीकडे गोड बोलून वाट बघता आली असती. पुष्कळांनी तसं केलंही. कान्होजी फर्मान घेऊन, मुलांना बरोबर घेऊन शिवाजीराजांकडे गेले आणि कागद समोर ठेवला. शिवाजीराजांनी त्यांना धोका समजावून सांगितला. खोपडे गेले, तुम्हीही गेलात तर वतन वाचेल, राहिलात तर जीव आणि वतन दोन्ही जाईल, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. कान्होजींनी तिथेच पाण्याचा तांब्या मागवला आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं.

हे पाणी सोडणं म्हणजे नुसती तोंडची भाषा नव्हे. ज्या वतनापायी बापाचा खून झाला, ज्याच्यासाठी स्वतःला तान्हेपणी परक्या खोऱ्यात लपून वाढावं लागलं, ते वतन. त्यावर पाच-दहा जणांचं घर नव्हे, तर भाऊबंद, चाकर, शिलेदार, वाड्यावर अवलंबून असलेली कितीतरी चूल. पावसाळा तोंडावर होता. पेरणी-लावणीच्या दिवसांत हा निर्णय झाला. पुढच्या सुगीचा वाटा कोण नेणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शिवाजीराजांनी जेध्यांची बायकामुलं तळेगावला हलवायला सांगितली. म्हणजे वाडा मागे टाकून, गुरंढोरं लोकांवर सोपवून घर उठलं.

कान्होजींनी मग मावळातल्या इतर देशमुखांना एकत्र केलं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी खानाच्या फौजेची दाणादाण उडवली. त्यात जेधे आणि बांदल यांची माणसं पुढे होती. विजयानंतर शिवाजीराजांनी कान्होजींना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान दिला. दरबारात सर्वांच्या आधी जेध्यांना मान, असा त्याचा अर्थ. वतन राहिलं आणि वर हा मान मिळाला.

यानंतरच्या दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत, पण कान्होजींचा स्वभाव त्यात जास्त दिसतो.

पहिली खंडोजी खोपड्यांची. खान मेल्यावर खोपडे जीव वाचवायला रानोमाळ लपत होते. शिवाजीराजांचा राग मोठा होता. शेवटी खोपड्यांसाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. ज्याने खानाला मिळून आपल्या घरावर नांगर फिरवायची तयारी केली होती, त्याच्या जीवासाठी कान्होजींनी शब्द टाकला. शिवाजीराजांनी शब्द राखून जीव सोडला, पण खोपड्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. कान्होजींना ते लागलं असणार. तरी ते शिवाजीराजांना सोडून गेले नाहीत. गद्दारीची शिक्षा आणि दिलेला शब्द, दोन्ही एकाच निवाड्यात बसवले गेले होते.

दुसरी गोष्ट पानाची. १३ जुलै १६६० रोजी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी सिद्दीची फौज अडवून धरली. भोर तालुक्यातल्या शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे तिथे पडले, आणि त्यांच्याबरोबर हिरडस मावळातले कितीतरी गडी. त्या गावांत त्या साली लावणीला किती हात कमी पडले असतील याचा हिशोब कुठे लिहिलेला नाही. बांदलांचा मान करायचा तर तो पहिल्या पानाचाच करावा, असं शिवाजीराजांच्या मनात आलं. पण ते पान वर्षभरापूर्वीच जेध्यांना दिलेलं. शिवाजीराजांनी कान्होजींना विचारलं आणि कान्होजींनी मान बांदलांना देऊ केला. जेधे आणि बांदल ही शेजारच्या मावळांतली घराणी, दोघांत पूर्वी वैर झालेलं. मावळात मानपानावरून लग्नं मोडतात, देवाच्या पालखीला खांदा आधी कुणी द्यायचा यावरून गावात दोन तट पडतात. तिथे पहिला मान आपल्या हाताने शेजाऱ्याला देणं किती अवघड, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

यानंतर कान्होजींचं नाव फारसं पुढे येत नाही. वय झालं होतं. घराण्याची चाकरी पुत्र बाजी सर्जेराव यांनी चालवली. कान्होजींची समाधी आंबवड्याला आहे. नागेश्वराच्या देवळाला आणि झुलता पूल बघायला येणारे पुष्कळ असतात, समाधीपर्यंत जाणारे थोडे.

जेध्यांच्या घराने महाराष्ट्राला आणखी एक मोठी ठेव दिली. या घराण्याने जुने कागद जपून ठेवले. त्यातली जेधे शकावली, म्हणजे १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांची तिथीवार टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. शिवजयंती आज १९ फेब्रुवारीला साजरी होते, ती १६३० सालची जन्मतिथी याच शकावलीत नोंदलेली आहे. जेधे करीन्यात घराण्याची हकिकत आहे. कारीच्या वाड्यात कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या हे कागद पावसापासून, वाळवीपासून आणि आगीपासून सांभाळले, म्हणून कान्होजींच्या हातावरच्या त्या पाण्याची गोष्ट आज सांगता येते.

मावळातल्या अनेक घरांत अजूनही पेटीच्या तळाला मोडी कागद पडून आहेत. कुणाची सनद, कुणाचा महजर, कुणाचा गोतसभेतला निवाडा. वाचता येत नाही म्हणून ते टाकून देण्याआधी, कारीच्या एका पेटीतून काय निघालं होतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.