यंत्राविना लिहिलेली आज्ञावली

संगणकास चार ओळींच्या आज्ञा देऊन काम करवून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना एडा लव्हलेस हिचे चरित्र ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. कवी बायरनची ही कन्या 1815 साली लंडन येथे जन्मली. ती महिन्याची असतानाच मातापित्यांची ताटातूट झाली. मुलगी पित्याच्या वळणावर जाऊ नये, म्हणून आईने तिला गणिताकडे वळविले. 1833 साली चार्ल्स बॅबेजशी तिचा परिचय झाला. त्याच्या नियोजित गणनयंत्रावरील मेनाब्रेआचा फ्रेंच निबंध तिने 1843 साली इंग्रजीत आणला. जोडलेल्या टिपा मात्र मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या! अखेरच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याच्या क्रिया क्रमवार कोष्टकात मांडल्या आहेत. त्यांतील एका भागाकारात भाज्य-भाजकांची अदलाबदल झाली आहे. चूक तिची की छापखान्याची, कोण सांगणार? पडताळावयास यंत्रच नव्हते. ते बॅबेजच्या हयातीत पुरे झालेच नाही. अशा आज्ञावल्या बॅबेजने आधीच रचल्या होत्या, असे काही अभ्यासक म्हणतात. तथापि संख्यांप्रमाणे संगीताच्या स्वरांवरही असे यंत्र चालू शकेल, हे ओळखण्याचे श्रेय आम्ही तिलाच देतो. 1852 साली, वयाच्या अवघ्या 36व्या वर्षी, कर्करोगाने ती निवर्तली. तिच्याच इच्छेनुसार हकनॉल येथे, जाणत्या वयात कधीही न भेटलेल्या पित्याशेजारी तिचे दफन झाले.