विश्लेषण : ‘पीयू’ पॉलिशमागचे रसायनशास्त्रज्ञ; कोण होते ओटो बायर?

फर्निचरला पॉलिश करायचे म्हटले की सुतार विचारतो, मेलामाइन की पीयू? मेलामाइन सुकताना डोळे चुरचुरतात, कारण त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू मानवात कर्करोग घडवणारा ठरवला. पीयू, म्हणजेच पॉलियुरेथेन, मात्र फॉर्मल्डिहाइडविना कडक होते. ही वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी दाखवली.

बायर कंपनीशी नाते काय?

आडनाव सारखे असले तरी ते कंपनीच्या संस्थापक कुटुंबातले नव्हते. ४ नोव्हेंबर १९०२ रोजी फ्रँकफर्टमध्ये त्यांचा जन्म झाला आणि तिथेच १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिशीच्या सुरुवातीलाच आयजी फार्बेन या उद्योगसमूहाच्या लेव्हरकुझेन येथील मुख्य संशोधन प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांचा शोध नेमका काय?

अमेरिकेत नायलॉन तयार झाले होते. त्यात रेणू जोडले जाताना दर जोडणीला पाण्याचा रेणू बाहेर पडतो. बायर यांनी वेगळा मार्ग शोधला. आयसोसायनेट आणि हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू एकत्र आणले, तर ते काहीही बाहेर न टाकता थेट जोडले जातात. रेणूंना दोनपेक्षा जास्त ‘हात’ असतील, तर साखळ्या एकमेकींत गुंफून जाळे तयार होते. यालाच क्रॉसलिंकिंग म्हणतात. या जाळ्यामुळेच थर ओरखडे, पाणी आणि रसायनांना दाद देत नाही. १९३७ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पीयूसोबत आजही हार्डनरचा वेगळा डबा मिळतो, तो यामुळेच.

सहकाऱ्यांचा विश्वास का नव्हता?

आयसोसायनेट हाताळायला अवघड आणि विषारी. त्यात नमुन्यांत बुडबुडे येत. हे फार तर भोकाभोकांच्या स्विस चीजची नक्कल करायला चालेल, अशी खिल्लीही उडाली. पण त्याच बुडबुड्यांतून पुढे गादीचा फोम आला.

युद्धकाळात आयजी फार्बेनने ऑशवित्झजवळच्या कारखान्यात छळछावणीतील कैद्यांना राबवले. बायर यांच्या शोधाला त्या कंपनीचा हा इतिहास चिकटलेला आहे. युद्धानंतर समूहाचे विभाजन झाले आणि बायर कंपनीत त्यांनी संशोधनाचे नेतृत्व केले. १ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

मग पीयू पूर्ण सुरक्षित?

नाही. भोपाळमध्ये १९८४ मध्ये गळालेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. तो कीटकनाशकासाठी वापरला जाई. रंगातील हार्डनरचे रेणू त्याहून जड असतात, सहज उडत नाहीत. तरीही फवारणीचे तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. थर पूर्ण सुकला की धोका उरत नाही, पण तोवर तो फवारणाऱ्या कारागिराच्या वाट्याला असतो. त्यामुळे डब्यावर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ लिहिलेले असले, तरी कारागिराला योग्य मास्क आणि खेळती हवा हवीच.