शिरपूरच्या घराण्यातील चेहरा

पडद्यावरील प्रभावाचा विषय निघाला की आपले रसिक ग्रेटा गार्बोचा दाखला देतात. त्यांना स्मिता पाटील उशिरा आठवाव्यात, याचे खानदेशातील माणसास वैषम्य वाटते.

स्मिताबाई १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात जन्मल्या. घराणे मात्र धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई परिचारिका. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारा हा सावळा चेहरा श्याम बेनेगल यांनी हेरला आणि १९७५ साली ‘निशांत’ आला.

‘क्वीन क्रिस्टिना’च्या (१९३३) अखेरीस गार्बो जहाजाच्या टोकाशी कोऱ्या मुद्रेने उभी राहते, त्या कोरेपणात प्रेक्षकाने हवे ते भरावे. स्मिताबाईंचा चेहरा असा रिकामा कधीच नसे. ‘मंथन’मधील (१९७६) बिंदू बोलते थोडे, पण शहरातून आलेल्या डॉक्टरची पारख तिच्या नजरेत अखंड चालू असते. हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. (अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास हा तपशील गाळवत नाही.) त्या भांडवलदारांना गोठ्यातली बाई ओळखता येत होती, तिथे गार्बोची जादू चालली नसती, असे माझे मत आहे.

‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांनी राष्ट्रीय पुरस्कार दिले, ‘उंबरठा’ने (१९८२) मराठी घराघरांत वाद पेटविले.

गार्बो १९४१ नंतर स्वेच्छेने पडद्याआड गेली व १९९० पर्यंत जगली. स्मिताबाई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी गेल्या. ‘मिर्च मसाला’ प्रदर्शित झाला तो १९८७ मध्ये.